चौदाव्या पानावरच्या दोन तारा

रविवार, दुपार

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर मी तक्रारीचा सूर लावला की तू आधीच हसायला लागतेस, झालं का सुरू किरकिऱ्याचं, म्हणतेस, आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. आज राहून चालणार नाही. आमच्या ऑफिसात एकीची नोकरी जायची वेळ आली होती, ती कुणापायी, हे तुला क्रमाने सांगायचंय. मधेमधे किरकिर होणारच. ती सहन कर. या आठवड्यात माझं डोकं असं फिरलंय की परवा मी ऑफिसच्या कपाटाला लाथ मारली. कपाट जागचं हललं नाही, माझा अंगठा मात्र सुजलाय.

तर काम असं होतं. कपडे वाळवायची मोठी मशिनं बनवणारी एक कंपनी आहे, लाँड्रीवाले घेतात तसली. तिची जोडणीची पुस्तिका इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची. पानं चोवीस. नवव्या पानावर तक्ता: आठ तारांचे आठ रंग, आणि कुठल्या रंगाचा अर्थ काय. लाल म्हणजे फेज, जिच्यातून करंट येतो ती. हिरवी म्हणजे अर्थिंगची, मशीनच्या पत्र्याला जोडायची. हे मी तुला शिकवतोय, म्हणजे कमालच झाली. बाकीचे सहा रंग त्या कंपनीने स्वतःच्या मर्जीने ठरवलेले, दुसऱ्या कुठल्या मशीनशी मेळ न खाणारे. तक्त्याबरोबर त्यांच्या साहेबांची चिठ्ठी, आठच तर शब्द आहेत, संध्याकाळपर्यंत देऊन टाका. आठच तर शब्द! अरे बाबा, इंग्रजीत तपकिरीला एक शब्द असतो, त्यात केसही बसतात, अस्वलही बसतं, बूटही आणि साखरही. स्पॅनिशमध्ये केसांचा तपकिरी कास्तान्यो, अस्वलाचा पार्दो, बुटाचा मार्रोन, साखरेचा मोरेनो. आणि समुद्रापलीकडच्या कित्येक स्पॅनिशवाल्यांना यातलं काहीच नको, ते सरळ काफे म्हणून मोकळे होतात. मग तारेचा तपकिरी कुठला? मी विचारलं, मशीन कुठल्या देशात जाणार? उत्तर आलं, सगळ्या. मी विचारलं, मग दोन शब्द छापू का? उत्तर आलं, चौकट लहान आहे. असे नऊ ईमेल झाले. एका तपकिरी तारेने माझ्या नाकी नऊ आणले, आणि गंमत बघ, ती तार शेवटी बरोबर लागली. चुकायचं ते भलतीकडेच चुकलं.

रंगांचं काम माझ्याच गळ्यात का पडतं, ते तुला माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मी भिंतींच्या रंगांचा एक कॅटलॉग केला होता. तीनशेच्या वर नावं, आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी, की हा रंग लावला म्हणजे माणसाला काय वाटतं. वैताग होता नुसता. इंग्रजीत निळा म्हणजे उदास, स्पॅनिशमध्ये स्वप्नातला राजपुत्र निळा. इंग्रजीत चावट विनोद निळा, स्पॅनिशमध्ये तोच विनोद हिरवा, आणि चावट म्हातारासुद्धा हिरवाच. कॅटलॉगात एक ओळ होती, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी प्रसन्न हिरवा. ती जशीच्या तशी उतरवली असती तर गिऱ्हाईकांनी दुकानात हसून लोळण घेतली असती. मी वाचवली. कंपनी खूश, आमच्या बाई त्याहून खूश. बाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकीणबाई. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की रंगांची इतकी बारीक नजर असलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो, त्यांना वाटलं लाजतोय. तेव्हापासून ऑफिसात मी रंगांचा माणूस. शेजारच्या टेबलावरचे लोक शर्ट घ्यायचा झाला तरी मला विचारतात, आणि मी काहीतरी ठोकून देतो.

आता तू पोट धरून हसशील. हस. या जगात तुला एकटीलाच ठाऊक होतं की मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. आईला नाही, बाबांना नाही, कुणालाच नाही. आणि तो कॅटलॉग मी कशाच्या जोरावर केला माहितेय? तुझ्या वहीच्या. मी पहिलीत असताना तू माझ्या प्रत्येक खडूवर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहायचीस, आणि नुसत्या नावाने माझं भागत नाही म्हटल्यावर ती वही केलीस. लाल: पिकलेला टोमॅटो, पोस्टाची पेटी, तुझ्या गुडघ्यातून येतं ते. रागावल्यासारखा. हिरवा: न पिकलेला टोमॅटो, गवत, आईची शाल. झोपून उठल्यासारखा. तपकिरी: बाबांचा कामाचा शर्ट, बिस्किट, तुझे कुत्र्यासारखे डोळे. याला काहीच वाटत नाही. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. रंग मला कधी दिसले नाहीत, पण त्यांचे शब्द आणि त्या शब्दांनी लोकांना काय वाटतं, हे मला पक्कं पाठ आहे. भाषांतराला तेवढंच लागतं. निदान माझी तशी समजूत होती.

म्हणून माझी कामाची एक पद्धत आहे, आणि ऑफिसात सगळे तिची टिंगल करतात. चित्र बघून मी काम करत नाही. मला यादी द्या, म्हणतो. शब्द द्या, मी शब्द देतो. या पुस्तिकेत मात्र चौदाव्या पानावर एक चित्र होतं. मूळ इंग्रजी पुस्तिका रंगीत, त्यामुळे चित्रात आठ रंगीत तारा आणि शब्द एकही नाही. स्पॅनिश पुस्तिका काळ्या शाईत छापायची ठरली. तेव्हा प्रत्येक तारेवर रंगाचं नाव घालणं आलं. आमच्याकडे पानांची मांडणी करणारी एक आहे, सगळे तिला मांडणीवालीच म्हणतात. लागून जेमतेम सहा महिने झाले. कामाला चोख, बोलायला कमी. तिने त्या चित्राची रंगीत प्रत काढली, तारांवर आठ रिकाम्या चौकटी केल्या, आणि माझ्या टेबलावर ठेवून मुलीच्या शाळेत गेली. चौकटी तेवढ्या पेन्सिलीने भरून ठेवा, आल्यावर टाइप करते, म्हणाली. इतकं साधं काम.

पाच तारा मला ओळखू आल्या. तपकिरीही आली, तिच्यावर बारीक रेघ होती आणि तक्त्यात रेघेचा उल्लेख होता. राहिल्या दोन. दोन्ही मातकट, शेजारी शेजारी, बहिणी असल्यासारख्या. बाई डोक्यावर उभ्या, आज पाठवायचंय म्हणून. मला काय करायला हवं होतं? नुसतं मान वळवून शेजारच्याला विचारायचं, काय हो, यातली लाल कुठली? तीन वर्षांच्या पोरानेही सांगितलं असतं. पण रंगांच्या माणसाने हे कुठल्या तोंडाने विचारायचं? ताई, मला इतका राग येतो स्वतःचा की काय सांगू. एका प्रश्नाची लाज. मी ठरवलं, तक्त्यात लाल आधी येतो, तर चित्रातही वरची लाल असणार. वरच्या चौकटीत रोखो लिहिलं, खालच्या चौकटीत वेर्दे, लाल आणि हिरवा. नेमकं उलटं होतं. तिने माझ्या पेन्सिलीबरहुकूम टाइप केलं. तिला स्पॅनिश येत नाही, तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. मजकूर तपासायला आमच्याकडे माणूस आहे, चित्रं तपासायला कुणीच नाही. पुस्तिका छापून गेली.

गेल्या सोमवारी फोन आला. एका लाँड्रीत पहिलं मशीन बसवलं. मिस्त्री चांगला जुना माणूस होता म्हणे. पण त्या कंपनीच्या तारांचे रंग एरवीपेक्षा निराळे, म्हणून त्याने स्वतःच्या अकलेपेक्षा पुस्तिकेवर जास्त भरवसा ठेवला. पुस्तिकेत पत्र्याला लाल तार दाखवलेली, त्याने लाल जोडली. सकाळी कामावर आलेल्या बाईने मशीनच्या दाराला हात लावला आणि ती लांब फेकली गेली. तळहात भाजला, खांदा निखळला. वाचली. कुणीतरी पटकन मेन स्विच बंद केला म्हणून वाचली. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लाँड्री आलीच नाही. बाबांचं दुकान आलं.

बाईंनी पुस्तिका उघडली. नवव्या पानावरचा तक्ता बरोबर, चौदाव्या पानावरचं चित्र चूक. म्हणजे भाषांतर बरोबर, शब्द चिकटवताना घोळ. अगदी सरळ हिशेब. सगळं खापर मांडणीवालीवर फुटलं. आणि तिने काय केलं असेल? मान्य केलं! तिला खरंच वाटलं की टाइप करताना आपल्याच हातून चौकटी उलट्या झाल्या. रंगांच्या माणसाची लाल-हिरव्यात चूक होईल, ही शंका तरी कुणाच्या मनाला कशी शिवणार? माझा पेन्सिलीचा कागद शोधायला तिने दोन दिवस कचऱ्याच्या टोपल्या उपसल्या, आपली चूक आपल्याच डोळ्यांनी बघायला. तो कागद माझ्या खणात होता. काम झालं की मी माझे कागद कुणाला न विचारता परत उचलून आणतो, ही माझी आणखी एक सवय. तुझ्या वहीखाली होता. मी सोमवारी गप्प बसलो, मंगळवारी गप्प बसलो, बुधवारीही. जेवताना ती समोर बसायची आणि डबा तसाच बंद करायची. गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, कळलं हिला. तर ती माझी माफी मागायला आली होती. तुमच्या इतक्या चांगल्या कामाचं मी वाटोळं केलं, म्हणाली. शुक्रवारी बाईंनी तिला पगाराचा शेवटचा हिशेब करायला बोलावलं होतं, त्याआधी मला भेटून जावं म्हणून आली होती. मी काय बोललो असेन? असू दे, म्हणालो. असू दे! जीभ झडली नाही माझी.

आता ते दुसरं. यावर तू कधी बोलली नाहीस, मीही नाही. सदतीस वर्षं आपण दोघं जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडलो, यावर नाही. क्रम चुकला तर मला सांग. तू सोळा वर्षांची, मी तेरा. तू बाराव्या वर्षापासून बाबांच्या विजेच्या दुकानात बसून स्विचबोर्ड भरत होतीस, बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, हा माझा उजवा हात. आणि मी मुलगा म्हणून मलाही सुट्टीत तिथे बसवायचे. तू माझ्या हातात तार द्यायच्या आधी लाल तारेच्या टोकाला गुपचूप गाठ मारायचीस. गाठ दिसली की लाल. त्या दिवशी तू सामान आणायला गेली होतीस. लोखंडी अंगाचा टेबलफॅन होता, गिऱ्हाईक घाईत होतं, आणि मला दाखवायचं होतं की मलाही जमतं. गाठ नव्हती. मी जोडला. बाबांनी फॅन सरकवायला हात लावला, आणि स्टुलावरून उलटे पडले. तू दारातून आत आलीस, फॅनकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. कुणी जोडला हा, असं त्यांनी जमिनीवर पडल्यापडल्या विचारलं, आणि तू म्हणालीस, मी. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होता, ताई. तो मी पाठीमागे लपवला.

त्यांची दोन बोटं वाकडी राहिली, आणि तुझी पक्कड त्यांनी काढून घेतली. ही पोरगी पुन्हा दुकानात पाय ठेवणार नाही, म्हणाले, आणि त्यांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. तू कापडाच्या दुकानात मीटरने कापड मोजायला लागलीस, ती आजतागायत मोजतेयस. मला मात्र घाबरून त्यांनी करंटपासून लांब ठेवलं, पुस्तकं घेऊन दिली, भाषा शिकू दिल्या. तुझ्या एका खोट्यावर माझं सगळं उभं राहिलं. तुझ्या लग्नाच्या आधी मी सांगणार होतो. आई गेली तेव्हा सांगणार होतो. दरवेळी वाटायचं, आता उकरून काय उपयोग, ताई सुखात आहे. मग मागे भाचीने सहज सांगितलं की तुमच्याकडे मिक्सर बिघडला की आई स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि एकटीच दुरुस्त करते, कुणाला बघू देत नाही. मी फोन ठेवला. तरीही बोललो नाही. इतका मी कोडगा.

शुक्रवारी सकाळी मी बाईंच्या टेबलावर तो पेन्सिलीचा कागद ठेवला. म्हणालो, अक्षर माझं आहे, चूक माझी आहे, मला लाल-हिरवं दिसत नाही. त्यांना पटेना. मी तिला वाचवायला कायतरी रचून सांगतोय, असं वाटलं त्यांना. मग माझी परीक्षाच सुरू झाली. त्यांनी फाइल उचलून विचारलं, हिचा रंग सांगा बघू. मग पेन. मग स्वतःची ओढणी. अर्धं ऑफिस गोळा झालं, जो तो काहीतरी उचलून माझ्या नाकासमोर धरतोय, हा कुठला, आणि हा? मी तीनदा चुकलो तेव्हा कुठे शांत झाले. मांडणीवाली दाराशी उभी होती. मग तिने आपल्या जागेवर जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. तिची नोकरी राहिली. माझं काय, ते बाई कळवणार आहेत. त्या लाँड्रीतल्या बाईला मी पत्र लिहिलंय, स्पॅनिशमध्ये, चार ओळींचं. आयुष्यात इतकं अवघड काही लिहिलं नव्हतं, आणि त्यात रंगाचा एकही शब्द नाही.

एकदा तोंड उघडल्यावर मग बाबांपाशी गप्प बसणं जमेना. काल सकाळी चहा झाल्यावर सांगितलं, फॅनपासून सगळं. त्यांनी आधी मला मोठ्याने बोलायला लावलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग उठून जुन्या पेटीतून तारेचे दोन तुकडे आणले, माझ्यापुढे धरले आणि लाल कुठली विचारलं. मी म्हणालो, बाबा, मला नाही सांगता येत. ते त्या तुकड्यांकडे बघत बसले. मग जे सुरू झाले! सदतीस वर्षं, सदतीस वर्षं, एवढंच ओरडत होते, आणि मला वाटलं आता मला घराबाहेर काढतात. जेवले नाहीत. खोलीचं दार आतून लावून घेतलं. त्यांना मी आयुष्यात दोनदाच रडताना ऐकलंय, आई गेली तेव्हा आणि काल.

आज सकाळी ते पेटी घेऊन बाहेर आले. तुझी पक्कड त्यात आहे, ताई. मुठीवर तू गुंडाळलेली चिकटपट्टी आहे तशी आहे. त्यांनी ती टाकली नव्हती, कुणाला वापरू दिली नव्हती, तेल घालून ठेवत होते, आणि मला या घरात राहून पत्ता नव्हता. म्हणाले, कागद घे आणि मी सांगतो ते लिही, मधे तुझं शहाणपण घालू नकोस. म्हणून हे पत्र. वरचं सगळं माझं आहे, आणि त्यातलं, माझं चुकलं, एवढं एकच वाक्य मला खरं तर लिहायचं होतं, त्याला इतकी पानं लागली. यापुढचं त्यांचं आहे. ते शेजारी खुर्चीवर बसून वाकड्या बोटांनी कागद धरून आहेत, मी एक शब्द तरी इकडचा तिकडे करतो का, ते बघायला. मी भाषांतर करणारा माणूस, याचा अर्थ काय ते मला कळतं, पण तो लिहायची मला परवानगी नाही. ते म्हणतात: स्वयंपाकघरातला बोर्ड दोन महिने ठिणग्या टाकतोय. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. तिला म्हणावं, सवड काढून ये आणि बघ. पक्कड आणू नकोस म्हणावं, तुझी इथे आहे.

तुझाच,
किरकिऱ्या